मावळ खोरं: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

लोणावळ्याच्या दोन दिवसांच्या सहलीपलीकडे मावळ पाहू इच्छिणाऱ्यांकडून, इथले सातबारे सांभाळणाऱ्यांच्या मुलानातवांकडून आणि शाळेच्या प्रकल्पासाठी माहिती हवी असणाऱ्यांकडून हे प्रश्न सतत येतात. बऱ्याच प्रश्नांचं मूळ एकाच गोष्टीत आहे. मावळ रस्त्यांवरून कळत नाही, नद्यांवरून कळतो. त्यामुळे पहिली तीन उत्तरं आधी वाचलीत तर पुढची सोपी जातील.

१. मावळ म्हणजे नेमकं काय? तालुका, खोरं की सगळा घाटमाथा?

तिन्ही अर्थांनी शब्द वापरला जातो, म्हणून गोंधळ होतो. सह्याद्रीच्या धारेवरून पूर्वेला वाहणाऱ्या प्रत्येक नदीचं वरचं खोरं म्हणजे एक मावळ. पुण्याच्या पश्चिमेच्या अशा खोऱ्यांना मिळून 'बारा मावळ' म्हणत. आंदर, नाणे, पवन, पौड, मोसे, मुठे, कानद, गुंजण, हिरडस ही त्यांतली काही नावं. याद्या जागोजागी वेगळ्या सापडतात, त्यामुळे 'खरी यादी कोणती' या वादात पडून हाती काही लागत नाही. शिवाजी महाराजांचे 'मावळे' या सगळ्या खोऱ्यांतले होते, आजच्या एका तालुक्यातले नव्हेत.

आजचा मावळ तालुका पुणे जिल्ह्यात आहे. मुख्यालय वडगाव मावळ. बारांपैकी आंदर, नाणे आणि पवन ही तीन मावळं त्यात येतात. या पानावर 'मावळ' म्हणजे हा तालुका. मुळशी, वेल्हे, भोर इकडची मावळं इथे घेतलेली नाहीत.

२. आंदर मावळ, नाणे मावळ आणि पवन मावळ कसे ओळखायचे?

कामशेतच्या चौकात पूर्वेला, म्हणजे पुण्याकडे तोंड करून उभे राहा. डावीकडे, म्हणजे उत्तरेला, डोंगरांच्या दोन घड्या आहेत. जवळची नाणे मावळ, तिच्या पलीकडची आंदर मावळ. उजवीकडे, दक्षिणेला, बेडसे-विसापूर-लोहगडची डोंगररांग आडवी पसरली आहे. तिच्यापलीकडे पवन मावळ.

नाणे मावळातून कुंडलिका वाहते. नाणे, गोवित्री, करंजगाव, जांभवली ही तिथली गावं. आंदर मावळ आंद्रा नदीचं. टाकवे बुद्रुक हे त्याचं दार, आणि वडेश्वर, सावळे, खांडी, कुसूर ही आतली गावं. पवन मावळात पवनानगर, ठाकूरसाई, तुंग, तिकोना पेठ, शिवली, चांदखेड येतात. पवनानगरला जुनी माणसं अजून 'काले कॉलनी' म्हणतात. एसटीत किंवा जीपमध्ये पत्ता विचारताना हे लक्षात ठेवा. रेल्वे आणि जुना महामार्ग मधल्या इंद्रायणीच्या पट्ट्यातून जातात. बाहेरच्या माणसाला दिसतो तो एवढाच मावळ.

३. इंद्रायणीचा उगम कुठे? आणि पवना तिला मिळते का?

इंद्रायणी लोणावळ्याजवळच्या कुरवंडे गावाच्या बाजूला, नागफणीच्या परिसरात उगम पावते. कार्ले, कामशेत, इंदुरी, देहू, आळंदी असा प्रवास करून ती तुळापूरला भीमेला मिळते. वाटेत तिला उत्तरेकडून कुंडलिका आणि आंद्रा येऊन मिळतात.

पवना तिला मिळत नाही. ती लोणावळ्याच्या दक्षिणेला उगम पावते, चिंचवडवरून जाते आणि दापोडीजवळ मुळेला मिळते. दोघींचं पाणी शेवटी भीमेत एकत्र येतं, पण फार पुढे. त्या दोघींमधला पाणलोटाचा कणा म्हणजे वर सांगितलेली लोहगड-विसापूरची रांग. लोहगडाच्या माथ्यावरून उत्तरेला इंद्रायणीचं खोरं आणि दक्षिणेला पवनेचा जलाशय एकाच वेळी दिसतो. भूगोल समजून घ्यायला याहून चांगली जागा मावळात नाही.

४. देहू आणि आळंदी मावळात येतात का?

नाही. देहू हवेली तालुक्यात आणि आळंदी खेडमध्ये. पण इंदुरीजवळचा भंडारा डोंगर, जिथे तुकाराम महाराज चिंतनाला बसत, तो मावळच्या पूर्व कडेला आहे. इंदुरीत दाभाड्यांची गढीही आहे. दोन्ही एका सकाळीत होतात.

५. 'मावळ लोकसभा मतदारसंघ' म्हणजे हाच भाग ना?

अंशतः. २००८ च्या पुनर्रचनेनंतर आलेल्या या मतदारसंघात पनवेल, कर्जत, उरण, मावळ, चिंचवड आणि पिंपरी असे सहा विधानसभा मतदारसंघ आहेत. पहिले तीन रायगड जिल्ह्यातले, घाटाखालचे. त्यामुळे बातमीत 'मावळात' असं वाचलं की ते उरणबद्दलही असू शकतं. तसंच खंडाळा. बोरघाटाच्या माथ्यावरचा खंडाळा मावळात आहे. सातारा जिल्ह्यात खंडाळा नावाचा तालुका आहे, तो वेगळा. आणि वडगाव लिहिताना पुढे 'मावळ' लिहाच, कारण पुणे शहरातच वडगाव बुद्रुक आणि वडगाव शेरी अशी दोन वडगावं आहेत.

६. पाऊस किती पडतो? तळेगावात ऊन असताना लोणावळ्यात धो धो कसा?

समुद्रावरून आलेले ढग सह्याद्रीच्या कड्याला आपटून वर चढतात, थंड होतात आणि धारेवरच रिते होतात. लोणावळ्यात वर्षाला चार हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो. पुणे शहरापर्यंत येता येता तो साधारण सातशेवर येतो. अंतर फक्त ६५ किलोमीटर. हा उतार सरळ नसतो. पहिल्या वीस-पंचवीस किलोमीटरमध्येच बहुतेक पाऊस गळून जातो. म्हणून खांडी, जांभवली, तुंगकडे भात सोडून दुसरं पीक खरिपात फारसं दिसत नाही, आणि तळेगाव-इंदुरीच्या बाजूला सोयाबीन, ऊस, भाजीपाला दिसू लागतो.

याचा व्यवहारातला अर्थ असा की, निघताना पुण्याचा अंदाज पाहू नका, लोणावळ्याचा पाहा. ओढ्याला पूर येण्यासाठी तुमच्या डोक्यावर पाऊस पडायची गरज नसते (प्रश्न १७ पाहा).

७. रेल्वेने यायचं तर कुठे उतरायचं?

पुण्याहून लोकलचा क्रम असा: देहूरोड, बेगडेवाडी, घोरावाडी, तळेगाव, वडगाव, कान्हे, कामशेत, मळवली, लोणावळा. भाजे, लोहगड, विसापूर आणि कार्ल्यासाठी मळवली. बेडसे, पवनानगर, तुंग, तिकोना आणि नाणे मावळासाठी कामशेत. टाकवे आणि आंदर मावळासाठी कान्हे. भंडारा डोंगर आणि इंदुरीसाठी तळेगाव.

मुंबईहून येणाऱ्यांची नेहमीची चूक म्हणजे मळवलीचं तिकीट काढून एक्सप्रेसमध्ये बसणं. लांब पल्ल्याच्या गाड्या मळवलीला थांबत नाहीत. लोणावळ्याला उतरून पुण्याकडची लोकल धरा, मळवली पहिलंच स्टेशन आहे. दुपारच्या वेळेत लोकल विरळ असतात. परतीची गाडी सकाळीच पाहून ठेवा, नाहीतर फलाटावर दोन-तीन तास बसावं लागतं.

८. स्वतःच्या गाडीने? द्रुतगती मार्गावरून कार्ल्याला उतरता येतं का?

उतरता येत नाही. द्रुतगती मार्ग भाजे गावाच्या अगदी जवळून जातो, लेणी गाडीतून दिसतात, पण तिथे बाहेर पडायला वाट नाही. मुंबईकडून येताना लोणावळ्याला बाहेर पडा आणि जुन्या महामार्गाने कार्ला फाट्यावर या. पुण्याकडून येताना सरळ जुना महामार्गच धरा. दुचाकीला द्रुतगती मार्गावर मनाई आहे, तो प्रश्नच मिटला.

लोहगडवाडीचा रस्ता भाज्यातून वर चढतो. अरुंद आहे, वळणं आखूड आहेत. पावसाळ्यातल्या शनिवार-रविवारी सकाळी नऊनंतर तिथे दोन्ही बाजूंनी गाड्या अडकतात आणि गावातल्या आजारी माणसालाही खाली आणता येत नाही. मळवलीला किंवा भाज्याला गाडी लावून चालत जाणं हे सगळ्यांच्याच सोयीचं.

९. कार्ले, भाजे, बेडसे ही तिन्ही लेणी सारखीच ना? एकच पाहायचं तर कोणतं?

सारखी मुळीच नाहीत. तिन्ही बौद्ध, तिन्ही कोकणातल्या बंदरांकडून बोरघाट चढून देशावर येणाऱ्या व्यापारी वाटेला लागून, पण काळ आणि कारागिरी वेगवेगळी.

भाजे सर्वांत जुनं, इसवी सनापूर्वी दुसऱ्या शतकातलं. एकूण २२ लेणी. १२ व्या क्रमांकाच्या चैत्यगृहाचे (स्तूप असलेल्या प्रार्थनागृहाचे) खांब किंचित आत कललेले आहेत. हा बांधकामाचा दोष नाही. लाकडी इमारतीत छताचा रेटा पेलायला खांब असे तिरपे उभे करत, तीच सवय कारागिरांनी दगडात आणली. दर्शनी भिंत इथे नाही, कारण ती लाकडाची होती आणि नष्ट झाली. ती बसवण्याच्या खाचा कातळात दिसतात. तिथून दक्षिणेला गेलात की १४ स्तूपांचा समूह लागतो, काही आत, काही उघड्यावर. शेवटी १९ वं लेणं, ज्याच्या ओसरीत रथारूढ सूर्य आणि हत्तीवरचा इंद्र म्हणून ओळखली जाणारी शिल्पं आहेत. पुष्कळ लोक चैत्यगृहापुढे फोटो काढून परत फिरतात आणि हे लेणं त्यांचं राहूनच जातं.

बेडसे मधल्या काळातलं. ते करुंज-बेडसे गावाच्या डोंगरात आहे. चैत्यगृहापुढचा कातळ पूर्ण न काढल्यामुळे एका अरुंद बोळातून आत जावं लागतं, आणि एकदम समोर उंच अष्टकोनी खांब येतात. तळाशी घट, माथ्यावर घोडे, हत्ती, बैल आणि त्यांवर स्वार. शेजारचा विहार (भिक्षूंच्या राहण्याची जागा) चौकोनी नसून मागे अर्धगोल आहे, छतही कमानदार. असा विहार क्वचितच आढळतो. इथल्या पाण्याच्या टाक्यावरच्या लेखात महारथिनी सामडिनिका या दानशूर स्त्रीचं नाव आहे.

कार्ले सर्वांत भव्य. चैत्यगृहाची लांबी सुमारे ३८ मीटर, उंची सुमारे १४ मीटर. ओसरीतल्या लेखात वैजयंती नगराचा श्रेष्ठी (मोठा व्यापारी) भूतपाल हे 'जंबुद्वीपातलं सर्वोत्तम शैलगृह' असल्याचं अभिमानाने सांगतो. खांबांवर धेनुकाकट नावाच्या गावच्या दात्यांची नावं आहेत, त्यांत स्वतःला यवन (ग्रीक) म्हणवणारेही आहेत. क्षत्रप राजा नहपान याचा जावई उषवदात याने इथल्या भिक्षूंना करजिक गाव दिल्याचा लेखही इथेच आहे. त्या काळी या जागेला वलूरक म्हणत.

एकच पाहायचं तर कार्ले पाहा. पण शांतता हवी असेल तर बेडसे. आमच्या मते ऑक्टोबरातल्या एखाद्या सकाळी, सूर्य समोरून चैत्यात शिरतो त्या वेळी, बेडशाला तोड नाही.

१०. कार्ल्याच्या छताच्या लाकडी कमानी खरंच दोन हजार वर्षांपूर्वीच्या आहेत?

हो, कार्ल्याच्या आणि भाज्याच्या लाकडी फासळ्या प्राचीनच आहेत. त्यांनी छत पेललेलं नाही. छत अखंड कातळ आहे, फासळ्या नुसत्या लाकडी वास्तूची आठवण म्हणून बसवलेल्या. सावलीत, कोरड्या हवेत, वाळवी पोचणार नाही अशा उंचीवर असल्याने त्या टिकल्या. बेडशाच्या फासळ्या मात्र गेल्या. धूर, उदबत्ती, फटाके, वटवाघळांना हुसकावण्यासाठी केलेला जाळ, यांतली कुठलीही गोष्ट या लाकडाला संपवू शकते. कृपा करून आत काहीही पेटवू नका.

११. लेण्यासमोर एकवीरेचं देऊळ कसं? दर्शनाला कधी जावं?

लेण्याच्या तोंडाशीच देऊळ आहे आणि दोन्ही एकाच चढणीवर येतात. पायथ्याचं गाव वेहेरगाव, ज्याचं नाव विहारावरून आलं असं मानतात. एकवीरा ही कोकणपट्टीतल्या कोळी, आगरी, चांद्रसेनीय कायस्थ प्रभू आणि इतर अनेक घराण्यांची कुलदेवी. चैत्रातल्या यात्रेला पालख्या घेऊन किनाऱ्यावरून लोक येतात. त्या दिवसांत आणि नवरात्रात लेणी पाहायचा बेत करू नका. दोन्हीकडे न्याय होत नाही.

गाडी अर्ध्या डोंगरापर्यंत जाते, पुढे पायऱ्या. लेण्यासाठी पुरातत्त्व खात्याचं तिकीट लागतं, देवळासाठी नाही. रांग एकच दिसते म्हणून लोक चुकतात. लेणी पाहायची असतील तर तिकीट खिडकी आधी शोधा. १५ वर्षांखालच्या मुलांना तिकीट नाही.

१२. लोहगड आणि विसापूर एका दिवसात होतात का?

होतात, पावसाळा सोडून, आणि सकाळी सातला मळवली सोडली तर. क्रम असा ठेवा:

मळवलीहून भाजे अर्ध्या तासात. लेण्यांना एक तास. तिथून लोहगडवाडी रस्त्याने दीड-दोन तास. लोहगडाच्या पायऱ्या चढायला अर्धा-पाऊण तास, कारण वाटेत गणेश, नारायण, हनुमान आणि महादरवाजा असे चार दरवाजे आहेत आणि ते थांबून पाहण्याजोगे आहेत. वर नाना फडणवीसांच्या काळातली सोळा कोनी बाव (विहीर), मग विंचूकाट्यापर्यंत, म्हणजे गडाच्या लांब निमुळत्या सोंडेपर्यंत, वीस-पंचवीस मिनिटं. विंचूकाट्यावर उतरताना एक छोटा कातळटप्पा आहे, ओला असला की घसरतो. उतरून गायमुख खिंडीत या. इथून विसापूरची चढण एक ते दीड तास. शेवटी भाज्याच्या बाजूला उतरा.

माणशी तीन लिटर पाणी घ्या. लोहगडवाडीत जेवण मिळतं, विसापूरवर काही मिळत नाही. विसापूरवर चूक होते ती माथ्यावर. पठार प्रचंड आहे, वाटा गुरांच्या आहेत आणि धुकं आलं की दिशा राहत नाही. अशा वेळी तटबंदी गाठा आणि तटाला धरून चाला, कुठल्या ना कुठल्या उतरणीला पोचालच. तटाजवळ चुन्याच्या घाण्याची मोठी दगडी चाकं दिसतील, ती चांगली खूण आहे.

पावसाळ्यात दोन्ही एका दिवशी करू नका. विसापूरची एक वाट ओढ्याच्या पात्रातूनच जाते आणि पाऊस वाढला की ती वाट म्हणजेच धबधबा होतो.

१३. विसापूर उंच आणि मोठा, मग नाव लोहगडाचंच का?

लोहगड साधारण १,०३३ मीटर, विसापूर १,०८४ मीटर. बोरघाटाच्या वाटेवर नजर, मजबूत दरवाजे आणि पेशवाईत नाना फडणवीसांनी केलेली डागडुजी, यांमुळे महत्त्व लोहगडाला आलं. १६६५ च्या पुरंदरच्या तहात मोगलांना दिलेल्या २३ किल्ल्यांमध्ये लोहगड, विसापूर (तेव्हाचा इसागड), तुंग आणि तिकोना हे चौघेही होते. लोहगड १६७० मध्ये परत आला.

पण लढाईच्या हिशेबात उंचीच ठरते. मार्च १८१८ मध्ये इंग्रजांनी आधी विसापूर घेतला. तिथून लोहगड तोफेच्या माऱ्यात आला आणि दुसऱ्याच दिवशी पडला. विसापूरच्या कड्यावरून लोहगडाकडे पाहिलं की हे न सांगता कळतं.

जुलै २०२५ मध्ये युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत आलेल्या मराठ्यांच्या १२ किल्ल्यांमध्ये मावळातला फक्त लोहगड आहे. विसापूर, तुंग, तिकोना, राजमाची त्या यादीत नाहीत. फलकांवर आणि जाहिरातींत बऱ्याचदा चुकीचं लिहिलेलं असतं.

१४. तुंग सोपा की तिकोना?

दोन्ही तासाभराच्या आतबाहेर होतात. तिकोन्याची (वितंडगड) वाट रुळलेली, वाटेत चपेटदान मारुती आणि तुळजाईचं लेणं. शेवटच्या पायऱ्या उभ्या आणि उंच आहेत, गुडघे दुखणाऱ्यांनी उतरताना बाजूने तोंड करून उतरावं. तुंग (कठीणगड) नावासारखा भयंकर नाही, पण निमुळता आहे. वारा जोराचा लागतो आणि माथ्यावर तुंगाईच्या देवळापाशी फार माणसं मावत नाहीत. लहान मुलं बरोबर असतील तर तिकोना. दोन्ही पवनेच्या जलाशयाच्या दोन बाजूंना असल्याने स्वतःची गाडी असेल तरच एका दिवसात जमतात. एसटीवर विसंबून हा बेत फसतो.

१५. राजमाची मावळात की रायगडात? आणि ढाक बहिरी?

राजमाची म्हणजे श्रीवर्धन आणि मनरंजन हे दोन बालेकिल्ले. पायथ्याची उधेवाडी मावळ तालुक्यातच आहे. प्रश्न १ मध्ये मावळाची व्याख्या पूर्वेला वाहणाऱ्या नद्यांवरून केली, तिला राजमाची हा अपवाद आहे. इथलं पाणी पश्चिमेला उल्हास नदीकडे जातं. लोणावळ्याहून चाल सुमारे १५ किलोमीटरची, बहुतेक सपाट. कोकणातल्या कोंदिवड्याहून अंतर कमी पण चढण छातीवरची. मे अखेर ते पहिला मोठा पाऊस एवढ्या काळात काजवे दिसतात. विजेरी आणि गाडीचे दिवे लावले की ते दिसेनासे होतात.

ढाक बहिरीला जांभवलीच्या कोंडेश्वर देवळापासून वाट जाते. शेवटचा टप्पा उघड्या कातळावरचा आहे, खाली सरळ दरी. इथे जीव गेले आहेत. दोर, अनुभवी माणूस आणि कोरडा कातळ हे तिन्ही नसतील तर कोंडेश्वरावरूनच परत फिरा.

१६. वडगावला इंग्रजांचा पराभव झाला होता, तो प्रसंग काय?

राघोबादादांना पेशवेपदावर बसवण्यासाठी मुंबईकर इंग्रजांची फौज १७७८ च्या अखेरीस बोरघाट चढून आली. तोफा आणि सामान ओढत ती फार सावकाश सरकत होती. मराठ्यांनी समोरासमोर लढण्याऐवजी दाणागोटा तोडला आणि वाटेतली गावं ओस पाडली. ४ जानेवारी १७७९ ला कार्ल्याजवळ तोफगोळा लागून कॅप्टन स्टुअर्ट ठार झाला. त्याच्या धाडसाचं मराठ्यांनाही कौतुक होतं, म्हणून त्याला 'इष्टुर फाकडा' म्हणत. वडगावात त्याची समाधी आहे.

९ जानेवारीला फौज तळेगावला पोचली तर गाव जाळलेलं. पुणे जवळ असूनही त्यांनी ११ तारखेच्या रात्री माघार धरली, जड तोफा तळेगावच्या तळ्यात टाकल्या. महादजी शिंद्यांच्या फौजांनी त्यांना वडगावात कोंडलं आणि १६ जानेवारीच्या सुमारास तह झाला. १७७३ पासून घेतलेला मुलूख परत करण्याचं कलम त्यात होतं. कलकत्त्याहून गव्हर्नर जनरल हेस्टिंग्जने तो तह मानला नाही आणि युद्ध १७८२ च्या सालबाईच्या तहापर्यंत चाललं.

जागा पाहायच्या असतील तर वडगावचं महादजी शिंद्यांचं स्मारक आणि तळेगावचं तळं दोन्ही पाहा. मधलं अंतर गाडीतून नव्हे, चालून जा. हरलेल्या फौजेला त्या रात्री ते किती लांब वाटलं असेल याचा अंदाज येतो.

१७. पावसाळ्यात नेमकं काय टाळायचं?

धबधब्याच्या पात्रात उतरणं. ३० जून २०२४ रोजी भुशी धरणाच्या मागच्या धबधब्यात एकाच कुटुंबातली पाच माणसं वाहून गेली. वर डोंगरात पाऊस वाढला की पाणी मिनिटांत चढतं. ते गढूळ झालं, काटक्या-पालापाचोळा वाहून येऊ लागला, आवाज बदलला, की त्याच क्षणी काठ गाठा, सामान सोडून द्या.

जुन्या पुलांवर गर्दी करणं. १५ जून २०२५ ला कुंडमळ्याचा जुना लोखंडी पूल लोकांच्या भाराने इंद्रायणीत कोसळला, चार जणांचा जीव गेला. कुंडमळ्याच्या कातळात पाण्याने कोरलेले खोल रांजणखळगे आहेत. वरून पाणी गुडघाभर वाटतं, आत पाय गेला की माणूस वर येत नाही.

कडेकपारीत अडकलात तर ११२ ला फोन करा आणि जागा सोडू नका. लोणावळ्यातली शिवदुर्ग मित्र ही संस्था वर्षानुवर्षं असं बचावकार्य करते. त्यांना तुमच्यापर्यंत पोचायला जवळच्या गावाचं किंवा वाडीचं नाव लागतं. चढायला लागण्यापूर्वी ते विचारून लिहून ठेवा.

१८. इथली धरणं कुणाची? एवढं पाणी जातं कुठे?

तीन प्रकार आहेत.

लोणावळा, वळवण, शिरवता आणि ठोकरवाडी ही टाटांची वीजधरणं. पहिल्या तिघांचं पाणी घाट उतरून खोपोलीच्या वीजकेंद्रात जातं. तिथून १९१५ मध्ये मुंबईला वीज सुरू झाली. ठोकरवाडीचं पाणी भिवपुरीला जातं, हे १९२२ पासून. कंपनीच्या नावात 'आंध्रा व्हॅली' आलं ते आंद्रा नदीवरून. आंध्र प्रदेशाशी त्याचा संबंध नाही. वीज करून झाल्यावर हे पाणी पाताळगंगा आणि उल्हास नद्यांमधून अरबी समुद्राला मिळतं. म्हणजे निसर्गाने पूर्वेला, भीमेकडे पाठवलेलं पाणी शंभर वर्षांहून जास्त काळ पश्चिमेला वळलेलं आहे. पूर्वेकडच्या दुष्काळी भागात यावर वाद होतो त्याचं कारण हे.

दुसरं पवना धरण, १९७२ मध्ये पूर्ण झालेलं, साठा सुमारे साडेआठ टीएमसी (अब्ज घनफूट). पिंपरी-चिंचवडची तहान मुख्यतः त्यावर भागते. धरणातून पाणी नदीत सोडतात आणि रावेतच्या बंधाऱ्यातून उचलतात. ते थेट बंद जलवाहिनीतून न्यायची योजना आली तेव्हा काठच्या शेतकऱ्यांना नदी कोरडी पडण्याची भीती वाटली. ९ ऑगस्ट २०११ ला बऊर इथे आंदोलनावर पोलिसांनी गोळीबार केला, त्यात तीन शेतकरी मृत्युमुखी पडले. मावळात हा विषय आजही हळवा आहे. जमीन गेलेल्या माणसासमोर तलावाकाठच्या तंबूंचं कौतुक करताना एवढं भान असू द्या.

तिसरी वडिवळे, आंद्रा, कासारसाई यांसारखी सिंचनाची धरणं. आंद्राचं पाणी आता शहरालाही जातं, ते इंद्रायणीतून निघोज्याला उचलतात.

भुशी यांत बसत नाही. ते रेल्वेच्या वाफेच्या इंजिनांना पाणी लागे म्हणून बांधलेलं.

१९. 'मावळचा इंद्रायणी' तांदूळ खरा कसा ओळखायचा आणि तो गिचका का होतो?

इंद्रायणी हा वाण वडगाव मावळच्या भात संशोधन केंद्राने १९८७ मध्ये दिला. आंबेमोहोर १५७ आणि आयआर ८ यांचा संकर. आंबेमोहोराचा वास ठेवायचा, पण त्याचं उंच वाढून लोळणं टाळायचं, हा हेतू होता.

कापणी ऑक्टोबर अखेर ते नोव्हेंबरात होते. सप्टेंबरात 'नवा इंद्रायणी' म्हणून कुणी विकत असेल तर तो या हंगामातला इथला नाही. वास लावलेल्या तांदळाचा वास पोतं उघडताच भपकन येतो आणि तांदूळ दोन पाण्यांत धुतला की जातो. खऱ्याचा वास कच्च्यात मंद असतो आणि शिजताना घरभर होतो.

चिकटपणा हा त्याचा गुणच आहे, पुलावाला तो घेऊ नये. पण लगदा होत असेल तर पाणी जास्त पडतंय. नव्या तांदळाला वाटीमागे पावणेदोन ते दोन वाट्या, वर्षभर जुन्याला सव्वादोन ते अडीच. वीस मिनिटं भिजवा, उकळी आल्यावर आच बारीक करा आणि ढवळू नका.

२०. भातलावणी पाहायला, खाचरात उतरायला येऊ का?

या, पण विचारून. लावणीला इथे आवणी म्हणतात आणि ती साधारण जुलैभर चालते. त्याआधी मेमध्ये राब, म्हणजे रोपं तयार करायची जागा, भाजतात. शेण, पालापाचोळा, काटक्या पसरून जाळतात, म्हणजे तणाचं बी मरतं. यात झाडांची फार छाटणी होते, म्हणून आता पुष्कळजण न भाजता गादीवाफ्यावर रोपं करतात. २१ ते २५ दिवसांची रोपं लावणीला योग्य, त्यापेक्षा जून झाली की फुटवे कमी येतात. चारसूत्री पद्धतीत जोडओळीत १५ आणि २५ सेंटिमीटरच्या आलटून पालटून अंतराने चूड (एकत्र लावलेली दोन-तीन रोपं) लावतात आणि चार चुडांच्या मधे खताची एक ब्रिकेट (दाबून केलेली गोळी) सात ते दहा सेंटिमीटर खोल खोचतात. वरून फेकलेला युरिया इथल्या पावसात वाहून जातो, खोचलेली गोळी टिकते.

पाहुण्यांकडून दोन गोष्टी बिघडतात. एक, बांधावर धावणं. ओल्या बांधाला पाय रुतून भोक पडलं की रात्रीतून खाचर रिकामं होतं आणि खतही जातं. दुसरी, बाटल्या. रस्त्याकडेच्या खाचरात फुटलेली काच चिखलात दिसत नाही, आणि आवणी अनवाणी करतात. पाय कापला की आवणी करणाऱ्या बाईची हंगामातली मजुरी बुडते. तुमच्या गटाच्या बाटल्या मोजून आणा आणि मोजून परत न्या.